दहा मिनिटांचा किराणा आणि दिल्लीतील गिग कामगार

दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा येथे दहा मिनिटांत किराणा घरपोच देणारी सेवा ज्या गोदामांवर चालते, त्यांना ‘डार्क स्टोअर’ म्हणतात. तेथे ग्राहकाला प्रवेश नसतो आणि कोणती ऑर्डर कोणाला द्यायची हे अल्गोरिदम, म्हणजे संगणकाला घालून दिलेली नियमावली, ठरवते. ही ऑर्डर पोहोचवणारा ‘गिग कामगार’ प्रत्येक फेरीमागे मोबदला घेतो. त्याला पगार नसतो आणि कंपनी त्याला कर्मचारी न म्हणता ‘भागीदार’ म्हणते. हा शब्द दिशाभूल करणारा आहे, कारण दर ठरवताना या भागीदाराला कोणी विचारत नाही. एप्रिल 2023 मध्ये अशा एका कंपनीने प्रत्येक फेरीचा किमान मोबदला 25 रुपयांवरून 15 रुपयांवर आणला, तेव्हा राजधानी परिसरातील कामगारांनी संप केला आणि अनेक गोदामे बंद पडली.

नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात 2020-21 मध्ये सर्व प्रकारचे मिळून 77 लाख गिग कामगार होते आणि 2029-30 पर्यंत ही संख्या 2.35 कोटी होईल. त्यांची व्याख्या करणारी सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये संमत झाली, परंतु ती लागू होण्यास 21 नोव्हेंबर 2025 उजाडावे लागले. तिच्यानुसार कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे. अपघात विमा व आरोग्यसेवा यांसाठी ही तरतूद मोलाची असली, तरी किमान मोबदल्याची हमी तिच्यात नाही. या लाभांसाठी कामगाराने केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करायची असते आणि ती विनामूल्य आहे. वाचकांनी ही माहिती दारात येणाऱ्या कामगारापर्यंत अवश्य पोहोचवावी.