वाळूची कैफियत

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील ओतशाळा पाहावयास आलेला मनुष्य भट्टीपुढे स्तब्ध उभा राहतो, आणि सुमारे चौदाशे अंश तापलेला लोखंडाचा रस लॅडलमधून साच्यात उतरताना पाहिला की सारे रहस्य त्या तेजातच आहे असे मानून परततो. परंतु तेथे प्रक्रिया-अभियंता म्हणून नोकरी केलेल्यास ठाऊक असते की त्याचे बहुतेक आयुष्य काळ्या, ओलसर वाळूची शहानिशा करण्यात जाते.

या वाळूत बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि वजनाने तीन ते चार टक्के पाणी असते. पाणी कमी पडले तर साच्याच्या कडा ढासळून वाळू रसात शिरते. अधिक झाले तर वाफ आणि हायड्रोजन धातूत अडकून त्वचेखाली सूक्ष्म छिद्रे राहतात, आणि ती गिऱ्हाइकाच्या लेथवर पहिला थर उतरल्यावर प्रकट होतात, म्हणजे ज्या वाळूने हा गुन्हा केला ती तोवर पुन्हा पुन्हा मळली जाऊन ओळखू न येण्याजोगी झालेली असते.

एका उन्हाळ्यात दुपारच्या पाळीच्या उत्तरार्धातच कडा ढासळलेली ओतकामे निघू लागली. तक्रार रिवाजाप्रमाणे मोल्डरांवर गुदरली गेली, कारण दप्तरात ओलाव्याचा आकडा दिवसभर साडेतीन असा निष्कलंक लिहिलेला होता. (इतका एकनिष्ठ आकडा मला नेहमीच संशयास्पद वाटत आला आहे.) एक वयस्क मोल्डर मात्र वाळू लाडवाप्रमाणे मुठीत वळून, मोडून, तिचे भुसभुशीत तुकडे दाखवीत म्हणाला, "वाळू पोळतीया, साहेब."

नमुना मिक्सरच्या तोंडाशी घेतला जात होता. मोल्डिंग यंत्रावरच्या हॉपरमधून घेताच ओलावा बराच उतरलेला आढळला. सकाळपासून लहान पेट्यांत जड ओतकामे चाललेली, त्यामुळे प्रत्येक किलो लोखंडामागे वाळू थोडी. ती निवण्यास अवधी न मिळता पन्नास अंशांहून अधिक उष्णतेने परतत असे, आणि मिक्सरमध्ये घातलेले पाणी पट्ट्यावरून जाता जाताच उडून जाई. म्हणजे आकडा खरा होता, केवळ जागा चुकीची होती. आणि असल्या खऱ्या आकड्यांइतका गोंधळ खोटे आकडेही घालीत नाहीत.

परतीच्या पट्ट्यावर पाण्याचा फवारा आणि हवेचा झोत यांचा बंदोबस्त अल्पावधीत झाला. जड ओतकामांच्या मध्ये हलकी घालावीत, या सूचनेवर मात्र उत्पादन-विभागाने हरकत घेतली, कारण प्रत्येक पॅटर्न बदलताना यंत्र थांबते आणि महिन्याचा टनेज त्यांच्या नावावर मांडला जातो. बरीच हुज्जत होऊन उन्हाळ्यापुरती, तीही दुपारच्या पाळीपुरती, तडजोड ठरली. नमुना यापुढे हॉपरमधूनच घ्यावा असा हुकूम निघाला, आणि जूनमध्ये पाऊस लागताच ओतकामातील पोकळीसाठी साच्यात बसवायचे सोडियम सिलिकेटचे कोअर हवेतला ओलावा शोषू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी नवी वही उघडावी लागली.