चिखलांतील गाडी आणि घरगुती लोखंडी दांडा

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या राजमार्गावर दौंड तालुक्यांतील वरवंड हें गांव लागतें. खडकवासल्याच्या कालव्याचें पाणी या बाजूस आल्यापासून उंसाचें पीक वाढलें, आणि उंसाबरोबर गाडी रुतण्याचा प्रसंगही घरोघर परिचयाचा झाला. काळी माती कोरडी असतां दगडासारखी कठीण असते. पण पाट फुटला कीं तिचें लोणी होतें, आणि शेतावर गेलेली जीप आंसापर्यंत खालीं बसते.

अशा वेळीं पूर्वीं शेजाऱ्याची बैलजोडी मदतीस येई. आतां ट्रॅक्टर येतो. तथापि दोर बांधावयाचा कोठें, हा प्रश्न उरतोच. म्हणून घरांतील एखादा हौशी तरुण वेल्डिंगच्या दुकानांतून चॅनेल व अँगल यांचा दांडा करवून आणतो आणि गाडीच्या तोंडाशीं बसवितो. पुढें त्यावर विंच चढवावा, असाही त्याचा बेत असतो. वडील मंडळींनीं ही हौस नुसती हंसून सोडून देऊं नये व एकदम मोडूंही नये. तिच्यांतील गुणदोष समजून घ्यावे, असें आम्हांस वाटतें.

ही कल्पना कांहीं नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सैन्य रस्त्यावर मानेच्या उंचीस तारा ताणून ठेवी. तेव्हां अमेरिकन सैनिकांनीं आपल्या जीपच्या पुढच्या बंपरावर अँगलचा उभा खांब जोडून घेतला. त्याच्या टोकाशीं तार अडकून तुटे आणि आंतील माणसांचे प्राण वांचत. खांब साधाच होता; पण त्यानें कोणता भार कोठें घ्यावयाचा, हें करणारांस नेमकें ठाऊक होतें.

ओढण्याच्या दांड्याचेंही तसेंच आहे. ज्यांनीं विहिरीवरील मोट पाहिली आहे, त्यांस सांगावयास नको कीं नाडा कितीही चांगला असो, चाक ज्या खांबांवर बसविलें ते डळमळीत असले तर सारी मोटच विहिरींत जाते. गाडीचा खांब म्हणजे तिची चासी. बोलेरोसारख्या गाडीस शिडीच्या आकाराची स्वतंत्र चासी असते. दांडा तिलाच जोडला पाहिजे, बंपरास नव्हे. बहुतेक लहान मोटारींत अशी चासीच नसते, पत्र्याची घडण हाच त्यांचा सांगाडा. तेथें भलत्या ठिकाणीं ओढ दिली तर पत्रा फाटून येतो.

आतां थोडा हिशेब. चाकें खोल रुतलीं कीं गाडीच्या वजनाइतकी, कधीं त्याहूनही अधिक ओढ लागते. म्हणून विंचची शक्ति भरल्या गाडीच्या वजनाच्या निदान दीडपट धरतात. दोन टनांस तीन टन. हा आंकडाही ड्रमवरील दोराच्या पहिल्या थरापुरताच खरा. थर वाढले कीं ओढ घटते. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आंकडा असावा, ४.६ च्या बोल्टाची ताकद त्याच्या निम्मीच. पोकळ चासींतून बोल्ट घालतांना आंत नळीचा तुकडा बसवावा, नाहींतर आवळतांना चासीच चेपते. वेल्डिंग करण्यापूर्वीं बॅटरीच्या तारा सोडाव्या.

सर्वांत मोठें भय दोराचें. ताणलेली पोलादी दोरी तुटली म्हणजे ती चाबकासारखी मागें येते, व तिच्या वाटेंत असलेलें माणूस दगावूं शकतें. म्हणून दोरीवर मध्यभागीं ओलें गोणपाट टाकावें, ड्रमवर पांच वेढे शिल्लक ठेवावे, हातांत जाड मोजे घालावे, आणि दोरीच्या लांबीइतक्या अंतराच्या आंत कोणासही उभें राहूं देऊं नये. गाडी निघतांना पाहण्यास प्रथम मुलेंच धांवत येतात, हें विसरूं नये.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानें गाडीच्या मूळ रचनेंत मनमानी फेरफार करण्यास मनाई आहे. डिसेंबर २०१७ मध्यें केंद्रीय परिवहन मंत्रालयानें गाडीपुढील लोखंडी गार्ड बेकायदा असल्याचें राज्यांस कळविलें. कारण उघड आहे. गाडीचें तोंड टक्कर होतांच चेपून धक्का स्वतः सोसावें अशा बेतानें केलेलें असतें. ताठ लोखंडामुळें तो धक्का आंतील माणसांवर येतो, एअरबॅग वेळेवर न उघडण्याचा संभव असतो, आणि पादचाऱ्यास तर जीवघेणी इजा होते.

तेव्हां आमचा सल्ला इतकाच कीं, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीस कायमचा दांडा लावूं नये. कारखान्यानें दिलेला ओढण्याचा आंकडा कोठें आहे तें आधीं शोधावें, त्यासाठीं मजबूत पट्टा व शॅकल गाडींत ठेवावे, आणि फेरफार करावयाचाच असेल तर परिवहन कार्यालयांत विचारून करावा. तरुणाच्या हौसेस वाव हवाच असेल, तर त्यानें शेतावरच वापरावयाचा, हातानें ओढावयाचा विंच बांधाच्या बाभळीस बांधून चालवून पाहावा. गाडी चिखलांत राहिली तर सकाळीं निघेल. घरचें माणूस धडधाकट परत येणें अधिक महत्त्वाचें.