नियमगिरीचा कौल

बालमित्रहो, आपल्या स्वयंपाकघरांतील ॲल्युमिनियमचें पातेलें ज्या खनिजापासून होतें, त्यास बॉक्साइट म्हणतात. ओडिशांतील रायगडा व कालाहंडी जिल्ह्यांतील नियमगिरीच्या माथ्यावर त्याचे मोठे थर आहेत. तेथील डोंगरिया कोंध लोक त्या पर्वतास नियमराजा या देवाचें स्थान मानितात. त्याच्या झऱ्यांवर व उतारावरील शेतीवर त्यांचा निर्वाह चालतो.

तेथें खाण काढण्याचा बेत झाला, तेव्हां प्रश्न उत्पन्न झाला कीं, ह्या डोंगरावर हक्क कोणाचा? इ. स. २००६ च्या वनाधिकार कायद्यास अनुसरून सर्वोच्च न्यायालयानें १८ एप्रिल २०१३ रोजीं असें ठरविलें कीं, या लोकांच्या सामाजिक व धार्मिक हक्कांचा विचार ग्रामसभांनीं करावा. त्याच वर्षीं १२ ग्रामसभा भरल्या आणि बाराही सभांनीं खाणीस एकमुखानें नकार दिला. पुढें २०१४ सालीं केंद्र सरकारनेंही परवानगी नाकारली.

धातूवांचून आपलें चालत नाहीं, हें खरें; ती कोठून तरी खणावीच लागणार. परंतु ज्याचें पाणी व देवस्थान जावयाचें, त्यास आधीं विचारणें हें न्यायाचें पहिलें पाऊल होय. पातेलें हातीं घेतांना एवढें स्मरण आपण अवश्य ठेवावें.