नव्या कपाटाचा वास

प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांना धरून ठेवते ते रेझिन, म्हणजे कृत्रिम डिंक. नव्या कपाटाचे दार उघडताच डोळे चुरचुरतात ते बहुधा त्यामुळेच. घरगुती फर्निचरच्या बोर्डात सर्वाधिक वापर युरिया-फॉर्मल्डिहाइडचा होतो. ते स्वस्त असते आणि लवकर घट्ट होते, पण ओलावा आणि उष्णता लागली की त्याचे बंध तुटून फॉर्मल्डिहाइड वायू हवेत येतो. हे झिरपणे महिनोन्‌महिने चालू राहते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात, विशेषतः मलकापूरपासून आंबा गावापर्यंतच्या घाटालगतच्या पट्ट्यात, पावसाळ्यात दारे फुगतात आणि खिडक्या दिवसच्या दिवस बंद राहतात. बंध तोडणारा ओलावा आणि वायू कोंडणारी खोली तिथे एकाच वेळी जुळून येतात. याउलट सागवान, फणस वा किंजळीच्या अखंड लाकडातून निघणारा वायू नगण्य असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवते असे ठरवले. कॅलिफोर्नियाने त्यानंतर नियम आणले आणि २०१० मध्ये अमेरिकेने देशभरासाठी कायदा केला. हवेच्या दहा लाख भागांमागे प्लायवूडसाठी ०.०५, पार्टिकल बोर्डसाठी ०.०९ आणि एमडीएफसाठी ०.११ भाग, अशी त्यातली मर्यादा आहे. युरोपात ऑगस्ट २०२६ पासून फर्निचरसाठी घनमीटरला ०.०६२ मिलिग्रॅमची मर्यादा ठरली आहे. युरोपातल्याच जुन्या ‘ई-१’ मर्यादेच्या ती निम्मी आहे.

भारतात २०२३ च्या आदेशाने प्लायवूडवर आयएसआय चिन्ह सक्तीचे ठरले आणि फेब्रुवारी २०२५ पासून अंमल सुरू झाला. पण चिन्हाशेजारच्या ‘एमआर’ या अक्षरांनी गिऱ्हाईक हमखास फसते. ती ओलावा सोसण्याची प्रत सांगतात, वायूचे प्रमाण नव्हे. उलट या प्रतीत बहुधा युरियाचेच रेझिन असते. वायूसाठी ‘ई-०’ किंवा ‘ई-१’ हा शिक्का वेगळा विचारावा लागतो. उकळते पाणी सोसणाऱ्या ‘बीडब्ल्यूआर’ प्रतीत सहसा फिनॉलचे रेझिन येते. त्याचे बंध पाण्यातही टिकतात, म्हणून वायू फार कमी सुटतो. कापलेल्या कडेला त्याच्या गडद तपकिरी रेषा दिसतात, मात्र केवळ रंगावर विसंबणे बरोबर नाही.

सनमायका लावलेल्या पृष्ठभागातून वायू फारसा सुटत नाही. तो सुटतो उघड्या कडांतून, स्क्रूच्या भोकांतून आणि खर्च वाचवण्यासाठी कोरी सोडलेल्या पाठीतून. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला टेकलेली असते ती नेमकी हीच पाठ.