‘रिडंडंट लाइन’ म्हणजे काय?

बँकेत किंवा पतपेढीत गेल्यावर कधी कधी ऐकू येते, “आज लिंक नाही, उद्या या.” पैसे आपले, खाते आपले, पण तार कुठे तरी तुटली म्हणून हात हलवत परत यावे लागते. अशा वेळी एखादा जाणता माणूस म्हणतो, “इथं रिडंडंट लाइन पाहिजे होती.” शब्द कानाला जड वाटतो. पण त्यातली गोष्ट तुमच्या चांगली ओळखीची आहे.

शब्दाचा अर्थ

‘रिडंडंट’ हा इंग्रजी शब्द. रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘गरजेपेक्षा जादा’. इंग्लंडात कारखान्यात काम उरले नाही म्हणून माणसाला कमी केले, तर त्याला ‘रिडंडंट’ केले असे म्हणतात. म्हणजे तिथे हा शब्द वाईट बातमीचा.

पण टेलिफोन आणि संगणक यांच्या कामात हाच शब्द चांगल्या अर्थाने येतो. तिथे त्याचा अर्थ ‘मुद्दाम ठेवलेले जादा’. एक बिघडले तर दुसऱ्याने लगेच काम उचलावे, म्हणून आधीच तयार ठेवलेले. मराठीत आपण ‘राखीव’ किंवा ‘पर्यायी’ म्हणू. बोलताना लोक ‘बॅकअप लाइन’ असेही म्हणतात.

तुमचे शेत ओढ्यापलीकडे आहे असे समजा. रोजची वाट ओढ्यातून जाते. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, की तुम्ही वरच्या अंगाने पुलावरून जाता. वाट लांबची, पण शेत गाठता येते. ती पुलावरची वाट म्हणजेच तुमची रिडंडंट लाइन!

ती काम कशी करते?

याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात राखीव तार एरवी स्वस्थ पडून असते. मुख्य तार तुटली की यंत्र आपोआप सगळे संदेश तिच्यावर वळवते. हिला ‘स्टँडबाय’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात दोन्ही तारा रोज काम करतात. बैलजोडीसारखे ओझे वाटून घेतात. मात्र एक बैल बसला तर दुसऱ्याला सगळी गाडी ओढता आली पाहिजे. नाही तर दुसरी तार असूनही गाडी अडतेच.

मोबाइलच्या पुष्कळशा मनोऱ्यांना जमिनीखालून काचेच्या बारीक तंतूंची तार जोडलेली असते. अशा तारा पुष्कळदा कड्यासारख्या गोल फिरवून जोडतात. रस्ता खोदताना एका ठिकाणी तार तुटली, तर संदेश कड्याच्या उलट्या बाजूने फिरून येतो. फोनवर बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

एक घोटाळा इथे टाळावा. मनोऱ्याखाली बॅटरी असते, तिलाही लोक ‘बॅकअप’च म्हणतात. पण ती वीज गेल्यावर कामी येते. तार तुटली तर बॅटरीचा काही उपयोग नाही.

दोन तारा, पण वाट एकच

आता खरी मेख पाहा. दोन तारा एकाच चरात पुरल्या, तर खोदणारे यंत्र दोन्ही एकदम तोडील. कागदावर तारा दोन, पण संकटाच्या वेळी एकही नाही. म्हणून तार दुसरी हवीच, शिवाय तिची वाटही दुसरी हवी.

३० जानेवारी २००८ रोजी असेच झाले. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदराजवळ समुद्राच्या तळाशी असलेल्या दोन मोठ्या तारा काही तासांच्या अंतराने तुटल्या. भारतातून युरोपकडे जाणारे पुष्कळ संदेश याच वाटेने जात. आपल्याकडे इंटरनेट एकदम मंदावले. मग बरेच संदेश उलट्या दिशेने, पूर्वेकडच्या तारांवरून वळवावे लागले. ती दुसरी वाट होती म्हणून निभावले.

टोंगाची गोष्ट

जिथे दुसरी वाटच नाही, तिथे काय होते? पॅसिफिक महासागरात टोंगा नावाचा बेटांचा देश आहे. लोकवस्ती सुमारे एक लाख. फिजीपर्यंत गेलेली सुमारे ८०० किलोमीटरची समुद्रातली एकच तार त्यांना जगाशी जोडत होती. २०१९ च्या जानेवारीत ती तुटली आणि जवळजवळ दोन आठवडे लोकांचे हाल झाले. तरी तशी दुसरी तार आली नाही.

१५ जानेवारी २०२२ रोजी समुद्रातल्या ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला. लाटा उसळल्या, बेटांवर राख पडली आणि तीच एकुलती तार तुटली. टोंगाचे पुष्कळ लोक न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात कामाला असतात. घरी आई-बाप जिवंत आहेत की नाहीत, हे त्यांना कळेना. उपग्रहावरून चालणारे थोडे फोन होते, पण ते सगळ्यांना कसे पुरणार? दुरुस्तीचे जहाज लांबून आले. मुख्य बेटाची तार सुरू व्हायला फेब्रुवारीची २२ तारीख उजाडली. पाच आठवडे! आता सांगा, दुसरी तार ‘जादा’ होती की गरजेची?

आपण काय करावे?

दुसरी तार ठेवायला पैसा लागतो. वर्षभर काही बिघडले नाही, की “हा खर्च कशाला?” असे कुणी तरी म्हणतेच. पण घराला आग लागल्यावर विहीर खणता येत नाही. गावच्या सभेत, पतपेढीच्या बैठकीत किंवा दवाखान्याच्या समितीत बसलात, तर तीन प्रश्न जरूर विचारा. दुसरी तार आहे का? ती वेगळ्या वाटेने येते का? मुख्य तार मुद्दाम बंद करून ती कधी तपासली का?

घरातही हेच तत्त्व लावा. जवळच्या माणसांचे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा. मोबाइल बंद पडला तर शेजाऱ्याचा कामी येईल, पण नंबर ठाऊक पाहिजे. संकटात ११२ फिरवा. तुमच्या कंपनीचा मनोरा बंद असला, तरी दुसऱ्या कंपनीचा चालू असेल तर त्यावरूनही हा फोन जाऊ शकतो. तीही राखीव वाटच आहे.

सांगा पाहू

१. एकाच चरातल्या दोन तारांना खरी राखीव सोय का म्हणू नये?
२. तुमच्या गावाला पुरात उपयोगी पडणारी दुसरी वाट कोणती?
३. ‘राखीव’ हा शब्द घालून दोन वाक्ये लिहा.