कारखान्यातील पिण्याचे पाणी : तपासणी आधी, यंत्र नंतर

यंत्रमाग, शिलाई, चामडे, फर्निचर, बेकरी अशा आपल्या बहुतेक धंद्यांत कारागीर रोजंदारीवर किंवा नगावर काम करतो. तो आजारी पडला की त्याची मजुरी बंद होते आणि मालकाची ऑर्डर अडकते. तरीही कच्चा माल दहा ठिकाणी पारखून घेणारा आपला व्यापारी कारखान्यातील पाण्याकडे क्वचितच लक्ष देतो. लक्ष दिलेच तर ओळखीच्या दुकानातून एखादे यंत्र आणून भिंतीला टांगतो आणि निश्चिंत होतो. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. आधी पाणी तपासावे, मग यंत्राचा विचार करावा.

२०१२ साली इचलकरंजी या यंत्रमागाच्या शहरात दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली व त्यात अनेकांचे प्राण गेले. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरणारी कावीळ लगेच दिसत नाही. पाणी पोटात गेल्यानंतर दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत केव्हाही ती बाहेर पडते. त्यामुळे दोष कोणत्या पाण्याचा होता हे मालकालाही कळत नाही आणि कारागिरालाही कळत नाही. या काविळीचा एक प्रकार गरोदर स्त्रियांना विशेष घातक असतो. घरीच जरीकाम किंवा शिलाई चालते तेथे ही गोष्ट विसरून चालणार नाही.

दोष दोन प्रकारचे

पाण्यातील दोष ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिला जंतूंचा. हगवण, विषमज्वर, कावीळ ही त्याची फळे होत. दुसरा विरघळलेल्या क्षारांचा. बोअरवेलचे पाणी मचूळ लागते, भांड्यावर पांढरा थर बसतो, तो हा प्रकार. या दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००, २०१२) विरघळलेले एकूण क्षार, म्हणजेच टीडीएस, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणी उपलब्ध नसेल तर २००० पर्यंत चालतात. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, नाइलाज असेल तर १.५ पर्यंत. विष्ठेतून येणारा ई-कोलाय हा जंतू मात्र १०० मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये.

विक्रेते खिशातले टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतात. तो आकडा फक्त क्षारांचा असतो, जंतूंविषयी तो काहीही सांगत नाही. १५० टीडीएसचे पाणीही काविळीचे असू शकते. दुसरा प्रयोग पाण्यात दोन सळया घालून वीज सोडण्याचा. पाणी तपकिरी होते आणि पाहणारा घाबरतो. वास्तविक तो रंग सळईच्या लोखंडाचा असतो. यंत्रातून गाळलेल्या पाण्यात क्षार नगण्य असल्याने त्यातून वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहते. या प्रयोगावर विसंबून कोणीही पैसे मोजू नयेत.

जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तेथे पाणी तपासून घ्यावे. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी व नमुना त्याच दिवशी पोहोचवावा. नमुना बोअरवेलवरून न घेता, कारागीर जेथून पितात त्या तोटीचा घ्यावा.

कोणता उपाय कशासाठी

तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. कार्बनच्या गाळणीने वास व क्लोरीन जाते. मात्र क्लोरीन गेलेले पाणी साठवून ठेवले तर त्याला संरक्षण उरत नाही. यूव्ही यंत्र जंतू निकामी करते, पण पाणी नितळ असेल तरच, आणि क्षार ते कमी करत नाही. आरओ यंत्र क्षार, नायट्रेट व फ्लोराइड कमी करते. परंतु एक लिटर पाण्यासाठी लहान यंत्रे साधारण दोन ते तीन लिटर पाणी बाहेर टाकतात. ते वाया न घालवता लादी पुसण्यास व संडासासाठी वापरावे.

यावरून हिशेब सोपा आहे. नगरपालिकेचे पाणी असेल, टीडीएस ५०० च्या आत असेल आणि नायट्रेट, फ्लोराइडही मर्यादेत असतील, तर आरओची गरज नाही. गाळणी व यूव्ही पुरते. बोअरवेलचे पाणी खारे असेल किंवा नायट्रेट, फ्लोराइड जास्त असेल तर आरओ घ्यावे. यंत्र घेताना किमतीबरोबर दरवर्षी लागणाऱ्या गाळण्या, पडदा व दिवा यांचा खर्चही विचारावा. वेळेवर न बदललेली गाळणी स्वतःच जंतूंचे घर बनते.

यंत्र परवडत नसेल तर पाणी खळखळून एक मिनिट उकळावे. टाकीच्या पाण्यासाठी १००० लिटरला ५ ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर पुरते. ती आधी बादलीत कालवावी, गाळ खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे व अर्धा तास थांबावे. नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. क्लोरीन तपासणीच्या संचाने ते तिथेच पाहता येते.

जार आणि टाकी

हल्ली थंड पाण्याचे जार आणण्याची पद्धत रूढ झाली आहे. सीलबंद बाटलीवर परवान्याचा क्रमांक व तारीख असते, सुट्या जारवर बहुधा काहीच नसते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे अनेक रुग्ण आढळले. तेव्हा महापालिकेच्या तपासणीत त्या भागातील काही खासगी आरओ केंद्रांचे पाणीही दूषित निघाले आणि ती केंद्रे बंद करावी लागली. म्हणून 'आरओचे पाणी' एवढ्या शब्दावर समाधान मानू नये.

चांगले पाणीही आपल्याच हातांनी बिघडते. टाकीला झाकण नसते, माठात सुताचा तूस किंवा भुसा पडतो, एकच पेला सगळे बुडवतात. टाकी दर तीन महिन्यांनी रिकामी करून घासावी व तारीख टाकीवर लिहावी. माठाला तोटी बसवावी, नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. पिण्याची तोटी आणि वुजू, हात-पाय धुण्याचा नळ वेगळे ठेवावेत.

१९४८ च्या कारखाने कायद्यात पिण्याच्या पाण्याची जागा संडास, मुतारी व धुण्याच्या जागेपासून साधारण सहा मीटर दूर असावी आणि तेथे कामगारांना समजेल अशा भाषेत पाटी असावी, असा दंडक होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा कामगार सुरक्षा व आरोग्याच्या नव्या संहितेने घेतली. पिण्यायोग्य पाण्याची जबाबदारी तिनेही मालकावरच ठेवली आहे. आपला कारखाना त्या कक्षेत येवो वा न येवो, सहा मीटरचा नियम पाळण्यात शहाणपण आहे.

एकट्याला खर्च झेपत नसेल तर एका गाळ्यातील चार-पाच कारखानदारांनी मिळून तपासणी करावी आणि सामाईक यंत्र बसवावे. त्याच्या देखभालीची जबाबदारी मात्र एकाच माणसाच्या नावावर असावी. सर्वांची म्हटलेली गोष्ट कोणाचीच राहत नाही, हा अनुभव सर्वांनाच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा व पावसाळ्यानंतर एकदा पाणी तपासले, तरी काविळीच्या एका साथीत बुडणाऱ्या मजुरीपुढे तो खर्च किरकोळ ठरेल.