दोन आण्यांची कोथिंबीर

आमच्या घरी पाककृतींची एक जुनी वही आहे. पाने पिवळी पडलेली, कडांना तेलाचे डाग. कोथिंबिरीच्या वड्यांच्या पानावर आजीच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे, ‘दोन आण्यांची कोथिंबीर निवडून, धुऊन बारीक चिरावी.’ १९५७ साली दशमान नाणी आली आणि आण्यांचा हिशेब मागे पडू लागला. म्हणजे ही कृती चुकीची होती असे नव्हे. लिहिली त्या दिवशी ती अगदी बरोबर होती. बाजार पुढे गेला, वही मात्र जागच्या जागी राहिली.

या वहीची आठवण झाली ती संगणकाच्या दुनियेतल्या एका गोष्टीवरून. तिथेही अशा वह्या असतात आणि त्या शिळ्या झाल्या तर नुसत्या वड्या बिघडत नाहीत.

नातवाचे फोटो, बँकेचे व्यवहार, रुग्णालयातले अहवाल हे सारे आज कुठल्यातरी डिस्कवर साठवलेले असते. डिस्क हे यंत्र आहे, ते कधी ना कधी बिघडणारच. म्हणून अनेक संगणकांवरच्या डिस्का एकत्र बांधून, प्रत्येक गोष्टीच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणारी सॉफ्टवेअर निघाली. एक डिस्क गेली तरी उरलेल्या प्रतींवरून ती पुन्हा तयार होते. अशांपैकी एक नावाजलेले सॉफ्टवेअर म्हणजे ‘सेफ’. सेज वाइल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत डॉक्टरेटसाठी केलेल्या कामातून ते आकाराला आले. २००७ साली त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. या नावाचा सुरक्षिततेशी संबंध नाही. ऑक्टोपसच्या कुळाला इंग्रजीत जे नाव आहे, त्याचे हे लघुरूप. जिनिव्हाजवळची ‘सर्न’ ही प्रयोगशाळाही ते वापरते.

‘सेफ’ मुक्त सॉफ्टवेअर आहे. कोणीही घ्यावे, उघडून पाहावे, वापरावे, बदलावे. पैसे पडत नाहीत. पण विकत घेतलेल्या फ्रिजबरोबर कंपनीचा माणूस घरी येऊन सगळे लावून देतो, तसा माणूस इथे आपोआप येत नाही. त्याच्या जागी असते ती ‘इन्स्टॉल कसे करावे’ हे सांगणारी माहितीपुस्तिका. पदरी तज्ज्ञ असलेल्या मोठ्या संस्थेला तिची फारशी गरज पडत नाही. एखाद्या लहान महाविद्यालयात एकटाच काम करणाऱ्या तरुणाचा मात्र तोच सारा आधार.

आणि ही पुस्तिका फार लवकर जुनी होते. ‘सेफ’ची मांडणी कित्येक वर्षे ‘सेफ-डिप्लॉय’ नावाच्या साधनाने केली जाई. २०२० साली ‘ऑक्टोपस’ ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर ‘सेफॲडम’ हे नवे साधन आले. पद्धतच बदलली. आधी एका संगणकावर छोटी सुरुवात करायची, मग बाकीचे एकेक जोडत जायचे. २०१९ च्या ‘नॉटिलस’नंतरच्या आवृत्त्यांवर जुने साधन तपासलेलेही नाही. जुनी कृती हाती धरून नवी आवृत्ती मांडायला बसणारा माणूस दिवसभर खपतो आणि संध्याकाळी स्वतःलाच मठ्ठ ठरवतो. चूक त्याची नसते.

कधी कधी तर पुस्तिका लिहिणाऱ्याचीही नसते. ‘सेंटओएस’ ही अनेकांच्या सर्व्हरवरची प्रणाली. तिच्या आठव्या आवृत्तीची साथ २०२१ च्या अखेरीस संपेल असे २०२० च्या डिसेंबरात जाहीर झाले. पुढे तिचे सॉफ्टवेअर नेहमीच्या पत्त्यावरून उचलून जुन्या संग्रहात नेले गेले. तो पत्ता ज्या ज्या पुस्तिकेत छापलेला होता, ती ती एका फटक्यात शिळी झाली. वडाच्या पाराजवळ वळा म्हणावे आणि वडच तोडलेला असावा, तसे.

काही ओळी अपुऱ्या असल्या तर त्याहून फसव्या ठरतात. ‘सेफ’मध्ये एक सोयीची आज्ञा आहे. रिकाम्या असतील त्या सगळ्या डिस्का कामाला घे, अशी. नवशिक्याला वाटते, ही आजपुरती आहे. पण ती पुढेही लागू राहते. सहा महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी जोडलेली कोरी डिस्कही ती परस्पर घेऊन टाकते. काढून टाकावी म्हणून पुसलेली डिस्क पुन्हा कामाला जुंपते. हे आपोआप घडणे थांबवताही येते. तेवढी सूचना त्या ओळीशेजारी असली, की एका माणसाची रात्र वाचते.

मग ही दुरुस्ती करायची कोणी? जाणकाराने, हे सोपे उत्तर झाले. पण जाणकाराची बोटे त्या वाटेने इतक्यांदा गेलेली असतात, की मधली गळलेली पायरी त्याला दिसतच नाही. ठेच लागते ती नवख्याला, म्हणून खड्डा नेमका कुठे आहे हे त्यालाच ठाऊक असते. ‘सेफ’ची पुस्तिका मूळ सॉफ्टवेअरच्याच भांडारात ठेवलेली आहे आणि तिच्यात बदल सुचवण्याची मुभा सर्वांना आहे. एक शब्द बदलायचा असला तरी चालते. सुचवणाऱ्याने खाली स्वतःच्या नावाची सही करायची, दुसऱ्याने तपासायचे आणि मग तो बदल सामील व्हायचा.

या कामाला टाळ्या नाहीत. नवी सोय लिहिणाऱ्याचे कौतुक होते. जुनी ओळ सुधारणाऱ्याची आठवणही कोणी काढत नाही, कारण त्याने काम नीट केले की वाचणाऱ्याला काही अडतच नाही. पण मुक्त सॉफ्टवेअर खरोखर सर्वांसाठी खुले राहते ते याच कामाच्या जोरावर. नाहीतर दार उघडे आणि पायऱ्या मोडलेल्या, अशी गत.

आमच्या त्या वहीत कोथिंबिरीच्या ओळीशेजारी, समासात, आईने पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, ‘म्हणजे मोठ्या दोन जुड्या.’ लग्नानंतर पहिल्यांदा वड्या करताना तिची फजिती झाली होती, म्हणून. पुढे घरात कोणाच्याच वड्या बिघडल्या नाहीत.